चंपतरावांचे गोल्फचे बूट

हुडकेश्वरच्या त्या घरात गोल्फची काठी कधी आली नव्हती, पण गोल्फचे बूट आले. कामठीला जुन्या साहेबांसोबत खेळायला जातो, असं पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या चंपतरावांनी सांगितलं. पुष्पलताबाईंनी मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कॅरमलाही हात लावला नाही, त्याला साठीत गोल्फ कसा सुचला?

त्या पाळत ठेवू लागल्या. चंपतराव सकाळी भर पावसात निघत आणि चहा गार व्हायच्या आत परत येत. एवढ्यात कामठीला नुसतं पोचणंही होत नाही. बूट बाहेरून चिखलाने माखलेले असत, आत हात घातला तर कोरडे ठणठणीत. आणि मोजे? ते झोपतानाही पायातच.

एका दुपारी ते झोपलेले पाहून बाईंनी बूट पिशवीत टाकले आणि ते जिथून घेतले होते ते सीताबर्डीचं दुकान गाठलं. तिथल्या विक्रेत्या हर्षितला हे गिऱ्हाईक चांगलंच लक्षात होतं. काकांनी दुकानातले सगळे जोड काढायला लावले होते. पुढून रुंद हवा, बोटं दाबली जायला नकोत. आतली शिवण हाताला लागली की तो जोड बाद. लेसखालची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली हवी, म्हणजे पाणी शिरणार नाही. एका बुटावर तर त्यांनी बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं होतं.

"अन् गवतावर पाय घसरते का, हे नाही विचारलं?" बाईंनी विचारलं.

"नाही काकू. खेळणारे पहिले तेच विचारतात. काकांनी तळ पाहिलाच नाही."

घरी आल्या तेव्हा चंपतराव पलंगावर बसून होते.

"माहे बूट कुठं घेऊन गेली होती वं?"

"मोजे काढा आधी."

ते थंडीचं काहीबाही सांगू लागले. बाई हलल्या नाहीत. शेवटी मोजा उतरला. अंगठ्याखाली जखम होती, कशीतरी पट्टी गुंडाळलेली. चपलेचा खिळा घुसला होता आणि फरशीवर रक्त दिसेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. साखरेच्या आजाराने पाय बधिर झाले होते. खाप्याला राहणाऱ्या थोरल्या भावाचा पाय असाच कापावा लागला होता, म्हणून दवाखान्याचं नावही त्यांनी काढलं नाही. जखमेला पाणी लागू द्यायचं नाही, ती घासू द्यायची नाही, फिरणं सोडायचं नाही, म्हणून ते बूट घालून कॉलनीच्या बागेत चक्कर मारत.

"आता बरं आहे. कळते मले. तू हात लावून पाह्य ना."

बाईंनी त्यांना खिडकीकडे बघायला सांगितलं.

"कळलं?"

"हो. अंगठ्याले लावला ना?"

बाईंचा हात अजून स्वतःच्याच मांडीवर होता.

संध्याकाळी ऑटो करून त्यांनी नवऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सडलेली कातडी काढली. हाड शाबूत होतं, अंगठा वाचला.

आता रोज रात्री चंपतराव आपणहून सांगतात, पाय पाहिले, सगळं ठीक आहे. पुष्पलताबाई ऐकून घेतात आणि मोबाइलचा टॉर्च लावून स्वतः एकेक बोट उलगडून पाहतात.