आंबटाने खाल्लेला जर्मनचा गंज

मी एक जुना जर्मनचा गंज आहे. मित्रांनो, आमच्या झाडीपट्टीत उभ्या पातेल्याला गंज म्हणतात आणि ॲल्युमिनियमला जर्मन. डोंगरातल्या लाल दगडात मी युगानुयुगे घट्ट बांधलेला होतो. माणसाने विजेच्या जोरावर मला सोडवले, माझा पत्रा केला आणि त्याला पोट दिले.

१९५४ साली नागभीडच्या बाजारातून प्रेमिलाने मला घरी आणले. तिचा नवरा इस्तारी गावच्या तलावात मासे धरायचा. घरात तिची सासू रुखमाबाई होती. पितळेला कल्हई लागायची, मातीचे मडके फुटायचे. मी मात्र हलका आणि चांदीसारखा चकचकीत. शेजारणी मला पाहायला आल्या तेव्हा प्रेमिलाच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरलेलो नाही.

माझ्यात चिंच घातलेली मासोळी शिजायची, अंबाडीची भाजी रटरटायची. उरलेले सकाळपर्यंत माझ्यातच राहायचे. आंबट माझ्या अंगाला लागले की माझा कणकण त्यात विरघळे. खाणाऱ्याच्या पोटातून त्यातला बहुतेक तसाच बाहेर पडतो. जो थोडासा रक्तात शिरतो, तो मूत्रपिंडे गाळून टाकतात. म्हणून कुणाला काही जाणवले नाही.

पुढे प्रेमिलाच्या पायांना सूज येऊ लागली. सकाळी तिचे डोळे उघडत नसत, इतका चेहरा फुगे. मग हाडे दुखू लागली. एकदा हातातला विळा दाखवून ती म्हणाली, "बाई, याले काय म्हणतेत? मले आठवूनच नाई राह्यलं." रुखमाबाईने सुनेला जवळ बसवले आणि स्वतः मला राखेने घासायला घेतले. घासता घासता तिचे बोट थांबले. माझ्या तळाला बारीक बारीक खड्डे पडले होते.

"इस्तारी, इथी पाय बरं. हे जर्मन गेलं कुठी?"

"झिजलं असंल, माय."

"झिजलं ते गेलं कुठी म्हणतो मी? पोटातच ना?"

प्रेमिलाला घेऊन ते चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेले. रुखमाबाईने मलाही फडक्यात बांधून नेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी प्रेमिलाला नीट तपासले, मग माझ्या तळावरून बोट फिरवले.

"हिची मूत्रपिंडे थकली आहेत. आजार मोठा आहे," ते म्हणाले. "तो या भांड्यामुळे झाला, असे मी म्हणणार नाही. पण शरीरात शिरलेले बाहेर टाकायची ताकद हिच्यात उरलेली नाही. आंबट मातीच्या भांड्यातच करा."

त्या काळी याहून जास्त कुणाला ठाऊक नव्हते. रक्तात लोहाची ने-आण करणारी एक व्यवस्था असते. तिच्यातच मी चढतो आणि पेशींच्या आत पोचतो, हे पुष्कळ वर्षांनी उमगले. लोहाला तिथे काम आहे. मला कोणतेच काम नाही. मूत्रपिंडे बंद पडली की मी हाडांत साचतो, मेंदूत साचतो.

रुखमाबाईने त्याच आठवड्यात कुंभाराकडून मडके आणले. पहिल्या दिवशी त्यातली मासोळी तिने सुनेला हाताने भरवली.

"हाडं दुखतेतच, बाई," प्रेमिला म्हणाली, "पण आज भूक लागली."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या दुखण्यात माझा वाटा किती, की मुळीच नव्हता, हे कुणालाच सांगता आले नाही.

तेराव्यानंतर इस्तारीने मला उचलले आणि तो तलावाकडे निघाला. रुखमाबाई त्याच्या आडवी आली.

"कुठी चाललास?"

"बुडवून टाकतो याले."

"काऊन? त्याच पाण्यातली मासोळी खातो ना आपण? आन इकडं."

तिने मला धुतले, पुसले आणि माझ्यात तांदूळ भरले. पुढे शेजारची वच्छला कढीसाठी मला मागायला आली. रुखमाबाईने तिच्या हातात मडके दिले. "हे ने. कोरडं काई ठेवाचं असंल, तं गंज नेजो," ती म्हणाली.

मित्रांनो, मी शत्रू नाही. मला फेकून देऊ नका. पण माझ्यात चिंच, अंबाडी, ताक शिजवू नका, शिळे आंबट ठेवू नका. घरात कुणाची मूत्रपिंडे दुखावली असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून राहू नका. माणसाच्या शरीरात माझ्यासाठी जागा नाही. तांदळाच्या कोठीजवळचा एक कोपरा तेवढा मला द्या.