धाकटीच्या पोटातली चिठ्ठी

आमची विमान कंपनी चौदा महिने चालली. सांगायला लाज वाटते, पण त्यातले धड उडण्याचे महिने नऊच. उरलेले पाच आम्ही ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर करण्यात घालवले, आणि ते करणारा मुख्य माणूस मीच.

मालकाचा मूळ धंदा प्रवासी बसगाड्यांचा. ज्या गावांकडे मोठ्या कंपन्या ढुंकूनही बघत नाहीत तिथे विमान न्यायचं, असं त्याच्या डोक्यात बसलं. पंख्याची, पन्नास-पन्नास माणसांची तीन विमानं त्याने भाड्याने आणली. पहिल्या दिवशी काय गर्दी! एका आजीने मला विचारलं, "खिडकी उघडते का रे?" मी म्हटलं, "आजी, उघडली तर तुम्हाला शोधायला कोण जाणार?" पोट धरून हसली बिचारी.

विमानांना नंबर होते, पण हँगरमध्ये आम्ही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचो. थोरली कुरकुरी, मधली गरीब, धाकटी देखणी. मी त्यांचा इंजिनियर. माझ्या सहीशिवाय एकही जमीन सोडत नसे.

आता माझा गाढवपणा ऐका. माझा जावई पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कायम नोकरीला होता. मी त्याला म्हटलं, "जावईबापू, किती दिवस नळाचे अर्ज चाळत बसणार? आमच्या काउंटरवर या. दोन वर्षांत मॅनेजर व्हाल." मुलीला तेव्हा दिवस गेले होते. ती म्हणाली, "बाबा, यांची नोकरी पक्की आहे हो." मी म्हटलं, "मी आहे ना!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याने राजीनामा दिला. हातचं सोडून त्याला पळत्याच्या पाठी मी लावलं, आणि त्याने एका शब्दाने मला कधी दोष दिला नाही. हेच जास्त खुपतं.

नव्याचे नऊ दिवस संपले आणि थोरलीचा इंधनाचा पंप गेला. आधीची बिलं थकलेली, त्यामुळे पुरवठादार माल द्यायला तयार होईना. मालक हँगरमध्ये आला.

"काका, आमच्याकडे एक बस बसली की दुसरीचा पार्ट काढून लावतात."

"ही बस नाही."

"ते कळतं हो मला. पण पार्ट निघतो ना?"

निघतो. नियमातही बसतं, फक्त नोंद ठेवायची. धाकटीचा पंप थोरलीला गेला, मग चाक मधलीला, मग आणखी काही, आणि करता करता धाकटी कोपऱ्यात बसली ती बसलीच.

आमच्या कामात एक रीत आहे. विमानातून काही काढलं की त्या रिकाम्या जागी लाल चिठ्ठी बांधायची. काय काढलं, कधी, कोणी, खाली सही. चिठ्ठीला हातभर लाल कापडी पट्टी असते, ती बाहेर लोंबती ठेवायची, म्हणजे आंधळ्यालाही दिसेल. रिकाम्या जागेवर नुसतं झाकण लावायचं नाही म्हणजे नाही. पुढचा माणूस झाकण बघतो, विश्वास ठेवतो आणि निघून जातो. यावरून चाळीस वर्षं मी पोरांना शिव्या घातल्या. पोरं मला चिठ्ठीकाका म्हणायची. धाकटीवर एकतीस चिठ्ठ्या झाल्या तेव्हा एक जण म्हणाला, "काका, हिला गोवर आलाय का?" हसलो आम्ही सगळे. आता हसू येत नाही.

मग सरकारी पत्र आलं. परवाना टिकवायचा तर तिन्ही विमानं उडण्याजोगी हवीत, सहा दिवसांनी तपासनीस येणार. मालकाने कुठून कुठून पार्ट जमवले. चार दिवस आम्ही त्याच कामाला जुंपलेले होतो. तीस जागा भरल्या. एक राहिली. धाकटीच्या उजव्या इंजिनामागची, आग विझवायची बाटली. ती थोरलीत बसवलेली होती आणि नवी यायला आठ दिवस होते.

"आठ दिवस धाकटी उडणार नाही, शब्द देतो," मालक म्हणाला. "नुसती उभी राहू दे. तुम्ही सही करा."

"बाटली नसताना बाटली आहे म्हणून?"

"काका, कंपनीत एकशे दहा माणसं कामाला आहेत. तुमचे जावईही त्यातच आहेत."

संध्याकाळी मुलीकडे गेलो. जावई बाळाला मांडीवर झोपवत होता. हळूच म्हणाला, "बाबा, जुन्या ऑफिसात जाऊन आलो. माझी जागा भरली म्हणे." बस, एवढंच. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्या हातात काही आहे का हो, बाबा?"

"आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सही केली. चाळीस वर्षांतली पहिली खोटी सही. ती नेहमीसारखीच ठसठशीत आली, त्याचीच मला भीती वाटली.

मग झाकण लावायला गेलो. जुनी चिठ्ठी तेलाने काळी झाली होती, ती सोडली. आत नुसतं रिकामं कडं, बाटलीच्या मापाचं. झाकण हातात घेऊन उभा राहिलो, पण ते लावता येईना. समजा बाटली आलीच नाही. समजा मी आजारी पडलो आणि घाईघाईत कोणी माझी सही बघून धाकटीला वर पाठवली. इंजिन पेटलं, पायलटने दांडा ओढला, आणि काहीच झालं नाही तर? पन्नास माणसं हो! मी नवी चिठ्ठी घेतली, त्या दिवसाची तारीख टाकली, नीट अक्षरात लिहिलं, सही केली आणि कड्याला बांधली. पट्टी आत कोंबली, वर झाकण स्क्रूंनी आवळलं. तपासणीत हे झाकण कोण उघडतंय? उभं राहिलेलं विमान उडवायच्या आधी मात्र आमची पोरं एकूणएक झाकण उघडतात. मन हलकं झालं. शहाणाच की नाही मी!

तपासनीस बाई वेळेवर आल्या. थोरली बघितली, मधली बघितली. धाकटीची दोन्ही इंजिनं चालू करायला लावली. पाच महिन्यांनी तिचे पंखे फिरले. काउंटरची माणसं हँगरच्या दारात जमली होती, त्यात जावईही होता. त्याने मला लांबून हात केला. इंजिनं थांबली. बाईंनी उजवीकडून एक शेवटची फेरी मारली, पेनाचं टोपण काढलं, कागद हातावर धरला आणि थांबल्या.

"हे काय आहे?"

झाकणाच्या फटीतून दोन बोटं लाल कापड बाहेर आलं होतं. पंख्याच्या वाऱ्याने ओढून काढलं असणार.

झाकण मलाच उघडायला लावलं. बाईंनी चिठ्ठी वाचली, मग माझा कागद वाचला. तीच तारीख, तेच अक्षर, तीच सही. एकात बाटली आहे, एकात नाही.

"यातलं खरं कोणतं?"

"चिठ्ठी," मी म्हटलं.

पेनाला टोपण लावत त्या म्हणाल्या, "मी हे झाकण उघडणार नव्हते, काका." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत परवाना गेला. पुढे माझं लायसन्सही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं. काउंटरवरच्या सगळ्यांना घरी जा म्हणून सांगितलं, तरी जावई संध्याकाळपर्यंत लोकांच्या शिव्या खात बसून होता. म्हणाला, बॅगा घेऊन आलेल्यांना कोणीतरी सांगायला नको का? हल्ली तो एका गोदामात खोकी उचलतो. पाठ धरते, तेव्हा दोन दिवस पडून असतो आणि ते दोन दिवस बुडतात. धाकटी अजून तिथेच उभी आहे. तिची चाकं कोणीतरी काढून नेली, चिठ्ठी न लावता.

परवा मुलीकडे गेलो होतो. पाच महिने तिने एक अक्षर काढलं नव्हतं. परवा काढलं.

"बाबा, खोटं बोलवत नव्हतं तर सही करायची नव्हती. आम्ही समजून घेतलं असतं. आणि खोटं बोलायचंच होतं, तर नीट बोलायचं. ती चिठ्ठी कोणासाठी लावलीत?"

"विमानात बसणाऱ्या माणसांसाठी. पन्नास माणसं असतात गं."

"कोणती पन्नास? विमान उडणारच नव्हतं ना? मग त्या न बसलेल्या पन्नास जणांची काळजी केलीत, आणि आम्ही तिघं?"

  आतल्या खोलीतून जावई पडल्या पडल्या म्हणाला, "जाऊ दे गं. बाबांना चहा कर."

तिने चहा केला, माझ्यापुढे ठेवला आणि बाळाला घेऊन आत गेली. मी तो संपवला, कप विसळून पालथा घातला. पुन्हा येऊ का, एवढं विचारायचं होतं. ते राहिलं.