पिपातली मेथी

रुख्मिणीची चाकाची खुर्ची मळ्यात जात नाही, असं तिचा नवरा पुंजाजी विचारेल त्याला सांगायचा. खोटंही नव्हतं. काळ्या मातीत बैलाचा पाय रुततो, तिथे त्या बारक्या चाकांचं काय? पण सांगताना त्याला आतून बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटायची.

रिसोडच्या बाजारात गिऱ्हाईक यायचं ते रुख्मिणीच्या शब्दावर. तोडणीच्या तोंडावर ती भाजीला औषध मारू देत नसे. बाजाराची भाजी फवारायची आणि घरच्यासाठी वेगळा, बिनफवारणीचा वाफा राखायचा, ही गावाची रीत तिने आपल्या मळ्यापुरती मोडून टाकली होती. मग ती छपरावरून पडली, कंबरेखालचं अंग लुळं पडलं, आणि पुंजाजीने गुपचूप घरचा वाफा पुन्हा घातला. बाकीची भाजी फवारून तिच्याच नावावर विकली जात होती.

सुट्टीत मंगरूळपीरहून लेक आली, वैभवी. तिने एका दिवसात बापाचा बहाणा मोडीत काढला.

"बाबा, इहिरीचा मुरूम तं पडूनच हाये. वाट काहून नाई करत?"

पुंजाजी कामाला लागला. त्याने मुरूम पसरला, पाणी मारलं, धुम्मसाने ठोकून ठोकून बसवला. उंबऱ्यापुढे मातीची पोती रचून उतार केला. रुख्मिणी दारातून हुकूम सोडत होती.

"चाकाच्या मापाची वाट नोका करू, हाताले जागा लागते. अन् टोकाशी खुर्ची फिरली पायजे."

जुनी निळी पिपं उभी चिरली, बुडाला भोकं पाडली आणि विटांच्या थरांवर तिच्या हाताला येतील अशी आडवी मांडली. शेणखत-माती भरून त्यांत मेथी टाकली. मेथी तरारली तशी रुख्मिणीच्या तोंडावरची कळाही परतली. पुंजाजीला मात्र घास गोड लागेना.

ती पहिल्यांदा मळ्यात यायची त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला पिपातल्या मेथीवर मावा पडलेला दिसला. तिला पहिल्याच दिवशी किडकी मेथी कशी दाखवायची? त्याने पाठीला पंप लावला. हाताला सवयच पडली होती.

सकाळी ती स्वतः चाकं फिरवत आली. पिपाशी थांबली, कोवळा शेंडा खुडला आणि चव बघायला तोंडाकडे नेला. वांगी तोडणारा पुंजाजी टोपली टाकून धावला आणि तिच्या हातावर फटका मारला. पानं खाली पडली.

"काल औषध मारलं त्याच्यावर."

"या पिपातच?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण तिचा हात लाल झालेला त्याला दिसत होता.

"सगळ्यातच. तू पडली तवापासून."

"अन् घरात येते ते?"

"घरचा वाफा येगळा हाये."

रुख्मिणीने हात पदराला पुसला. ती शिव्या देती तर त्याला सोसलं असतं.

"मले चांगलं चारलं. अन् लोकाईले माह्या नावानं हे."

तो खाली पडलेली पानं गोळा करू लागला.

"उद्या बाजार हाये. मले नेजा. लोकाईले तुमीच सांगजा, मी बाजूले बशीन."

तिने खुर्ची वळवली आणि घराकडे निघाली. पुंजाजी ढकलायला पुढे झाला, पण तिने मागे पाहिलंही नाही. वाट त्यानेच पक्की केली होती. तिला त्याच्या हाताची गरज लागली नाही.