बैलाच्या पायातलं घड्याळ

संध्याकाळपर्यंत दहा हजार पावलं भरली नाहीत तर विमा बंद, असं कंपनीच्या आरोग्य-प्रशिक्षक लोरेटाबाईंनी डेलबर्टला बजावलं होतं. म्हणून अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका कत्तलखान्यात कामाला असलेल्या डेलबर्टने पावलं मोजणारं घड्याळ गुपचूप बैलाच्या पायाला बांधलं. बैल बिथरला. त्याने कुंपण फोडलं, लोरेटाबाईंना शिंगांवर घेऊन छपरावर भिरकावलं, डेलबर्टची मांडी फाडली आणि त्याला कत्तलखानाभर पळवलं. शेवटी डेलबर्टने त्याच्या गळ्यात मुठीपर्यंत सुरा खुपसला आणि पायातलं रक्ताने माखलेलं घड्याळ सोडवून उंच धरलं.

"एकोणीस हजार, बाई!"

"त्याला पाय चार, तुला दोन," मोडका हात सावरत बाई छपरावरून ओरडल्या. "निम्मी धरते. राहिलेली पाचशे चाल, लबाडा!"

डेलबर्ट मांडी आवळून लंगडत निघाला.