बहिणीला विचारायचं नसतं

माझा नवरा फिनेआसी आमच्या बेटावरचा एकुलता एक डॉक्टर. लहान मुलांच्या दुखण्यात त्याचा हातखंडा आहे, असं सगळे म्हणतात, आणि बायको असूनही मी ते मान्य करते. तान्हं बाळ घेऊन कुणी आली की हा तिला प्रश्न विचारून भंडावून सोडतो. दूध पितं का, शी कशी होते, रंग कसला, लघवीने लंगोट पिवळा पडतो का. बायका लाजून मान खाली घालतात, पण हा पिच्छा सोडत नाही. सख्ख्या बहिणीला मात्र त्याने यातलं एक अक्षर विचारलं नाही.

आमच्या टोंगात भाऊ-बहीण वयात आले की अंतर ठेवून वागतात. एका खोलीत बसायचं नाही, एकत्र सिनेमा पाहायचा नाही, आणि शरीराबद्दल, बाळंतपणाबद्दल तर चकार शब्द काढायचा नाही; दुसऱ्यांनीही भावापुढे बहिणीच्या घरचा असला विषय काढायचा नाही. बहिणीचा मान भावाहून मोठा, तो असा राखायचा. मी ऑकलंडमध्ये वाढलेली, मला याचं हसू यायचं. लग्नानंतर एकदा माझी नणंद वाइमोआना पुढच्या दारातून आली आणि हा ताट घेऊन मागच्या दाराने पसार झाला. मी विचारलं, भांडण आहे की काय तुमचं? तर म्हणाला, छे, जीव आहे माझा तिच्यावर.

वाइमोआनाला मुलगा झाला, माका, तेव्हा मी आईच्या आजारपणासाठी ऑकलंडला गेले होते. तिचा नवरा फेलेती ऑस्ट्रेलियात सफरचंदं तोडायला गेलेला. बाळाला दवाखान्यात आणलं ते तिच्या सासूने, कालोलाइनेने. बाळाचे डोळे पिवळट होते. फिनेआसीने विचारलं, शी नीट होते ना? आता, मुलाच्या सख्ख्या मामापुढे हा विषय म्हातारी कशी बोलणार? "सगळं उत्तम आहे, डॉक्टर," एवढंच म्हणाली आणि बाळाचं अंगडं सारखं करत बसली.

वाइमोआना बाहेर फणसाच्या झाडाखाली बसली होती. खिडकीतून तिचे पाय दिसत होते, असं त्याने मला नंतर सांगितलं. नर्सला बाहेर पाठवता आलं असतं, पण नर्स आमच्याच नात्यातली, तिच्यापाशी बहिणीच्या घरचं असलं काही काढणं याच्या जिवावर आलं. जन्मल्यावर पुष्कळ बाळं पिवळी दिसतात, आपोआप बरी होतात. सकाळचं कोवळं ऊन द्या, म्हणाला. पुन्हा आणलं तेव्हाही तेच. दुसऱ्या कुणाचं बाळ असतं तर रक्त काढून कधीच राजधानीला पाठवलं असतं. याचा मला आजही राग येतो, आणि त्याच्याकडे बघितलं की तो राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

मी परतले तेव्हा माका दोन महिन्यांच्या वर गेला होता. वाइमोआना भात टाकत होती म्हणून लंगोट मी बदलला. आतली शी पांढुरकी, उकडलेल्या अळकुड्यांच्या रंगाची.

"हे असं कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून, वहिनी. नुसतं दूधच पितो ना, म्हणून असेल."

घरी येऊन फिनेआसीला सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसला. मग मान वर न करता समजावू लागला. यकृतातून पित्त बाहेर नेणारी वाटच बंद असते, म्हणून शीला रंग येत नाही. पित्त आत साचतं आणि यकृत सडवतं. शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर वाचण्याची आशा बरी असते. हे सगळं तो पाठ असल्यासारखं बोलत होता.

ऑकलंडला बाळ आणि वाइमोआनाबरोबर मी गेले. बाळाच्या खाटेपाशी बहिणीजवळ भावाने कसं बसायचं? तो मला फोनवर विचारायचा, मी तिला विचारायची, तिचं उत्तर त्याला सांगायची. शस्त्रक्रिया झाली, पण यकृताने साथ दिली नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. फार उशिरा आलात, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं.

आम्ही बाळाला घेऊन बेटावर परतलो, आणि पुढे फिनेआसीच त्याला तपासत राहिला. माका पहिल्या वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांत गेला.

आमच्याकडे मयताला मामाचा दर्जा सगळ्यांत खालचा. त्याने फाटकी चटई कमरेला गुंडाळून मागे चुलीपाशी राबायचं, देहाजवळ जायचं नाही. वर्षभर ज्याला तपासलं त्या पोराला फिनेआसीला शेवटचा हातही लावता आला नाही. परड्यात धुरात बसून तो अळकुड्या सोलत राहिला. मीही शेजारी सोलत होते.

तेवढ्यात काळ्या कपड्यातली वाइमोआना आतून उठून थेट चुलीपाशी आली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. फिनेआसी सवयीने उठून जाऊ लागला.

"जाऊ नकोस, दादा," ती म्हणाली. "माकाला दुखत होतं का रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. वर्षभर दोघांचं बोलणं माझ्यामार्फतच चाललं होतं, आताही मीच उत्तर द्यावं अशी त्याची अपेक्षा होती. माझं डोकंच फिरलं.

"माझ्याकडे काय बघतोस? तिने तुला विचारलंय."

त्याने हातातली सुरी खाली ठेवली.

"हो," तो म्हणाला. "शेवटी शेवटी फार दुखत होतं."

वाइमोआना त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "बाकी सगळे नाही म्हणत होते."