पाण्यातला भांग

मी एक जुनं ॲप आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे फक्त तीन वर्षांचं, पण आमच्यात एवढ्यातच केस पिकतात. तुमच्या आईच्या फोनवर रंगीत चौकोनांची गर्दी असते ना, तसलाच मी एक निळा चौकोन. मला बोट लावलं की आज समुद्र काय करणार आहे, ते मी बोलून सांगतो. एवढंच माझं काम.

मला घडवलं रुबिनाने. म्हसळ्याहून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं सासर. आधी ती बेलापूरच्या एका कंपनीत दुसऱ्यांची ॲपं बनवायची. लेक झाली, इनशा, आणि ती घरी आली. इनशाचा डोळा लागला की लॅपटॉप उघडायचा, ती हलली की मिटायचा, असा मी तुकड्यातुकड्यांनी तयार झालो. माझ्यातल्या काही ओळी तर तिने एकाच हाताने लिहिल्या आहेत. दुसऱ्या हातावर इनशा होती. माझा आवाजही रुबिनाचाच. "आज उधाण आहे, पाणी लांब जाईल," असं मी म्हणायचो तेव्हा मागून इनशाची कुरकुर ऐकू यायची. रुबिनाला ती काढून टाकता आली असती. तिने ती ठेवली.

मी बनलो तो शेजारच्या चंदाबाईंसाठी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, उधाणाच्या दिवसांत, ओहोटीचं पाणी दूर सरतं आणि खाडीच्या तोंडाशी खडक उघडे पडतात. चंदाबाई त्यांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढून बाजारात विकतात. पण अष्टमीच्या आसपास भांग लागतो. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि खडक बुडालेलेच राहतात. तिथींचा हिशोब चंदाबाईंचे यजमान ठेवायचे. ते गेल्यापासून बाईंची फेरी कधीकधी फुकट जायची. मी आलो आणि ते थांबलं. भांग आहे असं मी सांगितलं की त्या खुशाल तळा गावी बहिणीकडे जायच्या. मग एकीचं ऐकून दुसरीने मला घेतलं, आणि बघता बघता मी उरणपर्यंतच्या फोनांत जाऊन बसलो.

आणि एक दिवस दुकानाने मला फळीवरून उचललं.

दुकान म्हणजे जिथून फोनमध्ये ॲपं येतात ते. तिथले नियम कडक असतात. असायलाच हवेत, कारण आमच्यात लबाडही पुष्कळ आहेत. पण तिथे राखणीला बसवलंय एक यंत्र. त्याने माझं रोजचं बोलणं वाचलं, 'आज भांग आहे', 'उद्याही भांग', आणि ठरवलं की मी नशेच्या मालाचा प्रचार करतो. पुन्हा असं आढळलं तर रुबिनाचं खातंच कायमचं बंद होणार होतं. म्हणजे मी तर जाणारच, आणि ती पुढे जे काही बनवेल त्यालाही दार बंद.

सासूबाई, रहिमुन्निसा, कोळंबी सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "या घरात साध्या तंबाखूला बंदी. आन सून भांग विकते?"

"अम्मी, हसू नका ना."

"हसत नाय. भाव काय लावलास ते विचारते."

रुबिना घाबरली होती. तिने तो शब्द सगळीकडून पुसला, त्याचा आवाजही पुसला, आणि त्या जागी 'आज भरती कमी' असं घातलं. दुकानाने मला परत फळीवर ठेवलं. मी पुन्हा बोलू लागलो, पण जीभ कुणा दुसऱ्याची असल्यासारखा.

पुढच्या अष्टमीला चंदाबाई दारात उभ्या. टोपली रिकामी, लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं.

"बाय, तुजं ॲप खोटं बोलाया लागलं."

"काय म्हणालं, मावशी?"

"भरती कमी म्हनालं. भरती कमी म्हंजे पानी खाली, म्हनून गेले. खडक कुटं हाय? मी पान्यात, आन कालवं माज्या पायाखाली हसतात."

"अहो, भांग होता आज."

"मग भांग म्हन ना सरळ. तोंडाला काय झालंय तुज्या?"

रुबिनाने सगळं सांगितलं. चंदाबाई इतक्या हसल्या की ओल्या लुगड्यानेच पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "त्या दुकानवाल्यास्नी इकडं आन. दाखवते."

"ते कुठले येतायत, मावशी. पण तुम्हाला तिकडे पाठवता येईल."

दुकानाकडे दाद एकदाच मागता येत होती. ती फुकट गेली असती, तर हा शब्द मी पुन्हा कधीच बोललो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. इनशा रुबिनाच्या कडेवर, मी तिच्या हातातल्या फोनमध्ये, आणि समोर इस्त्रीच्या लुगड्यात, केसांना तेल लावून चंदाबाई. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत डोक्यावर बोट ठेवलं. "ह्यो भांग केसांचा." मग बुडालेल्या खडकांकडे हात केला. "ह्यो भांग पान्याचा. आन तिसरी भांग प्यायची. ती आमी पीत न्हाय. कालवं काढायची असत्यात, झुलून कसं चालंल?"

रुबिनाने खाली इंग्रजीत अर्थ लिहिला, शाळेच्या भूगोलातलं 'भांगाची भरती'चं पान जोडलं आणि पाठवून दिलं. मग वाट बघणं आलं. रहिमुन्निसा रोज चहा देताना विचारायच्या, "काय भांगवाले, जामीन झाला का?"

झाला. उत्तराखाली या वेळी माणसाचं नाव होतं. त्याने लिहिलं होतं की चूक आमची झाली, शब्द खुशाल ठेवा, आणि त्या बाईंना आमचा नमस्कार सांगा. रहिमुन्निसांनी शेवया केल्या. चंदाबाई नमस्कार तीनदा वाचून घेऊन मगच वाटीकडे वळल्या.

पुसलेला आवाज पुन्हा भरायचा होता. "आज भांग आहे," रुबिना म्हणाली, आणि मांडीवरून इनशा म्हणाली, "भां." नुकतीच ती बोलायला लागली होती. तेही रुबिनाने ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या लहान ॲपमागे बहुधा एखादीच रुबिना असते. मी अडखळलो तर मला लगेच काढून टाकू नका, तिला कळवा. आणि घरातलं कुणी न कळणारा शब्द बोललं, तर तो खोडण्याआधी त्याचा अर्थ विचारा. राखणीच्या त्या यंत्राला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.

थांबा हं, चंदाबाईंनी बोट लावलं. आज भांग आहे. तळ्याची एसटी गाठतील त्या.