हेंड्रिकच्या रानातला बर्फ

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. मात्र माझ्यातून पाणी कधीच वाहिलं नाही. मी बर्फ मोजते. माझ्या एका टोकाला करवतीसारखे पोलादी दात आहेत आणि अंगावर आकडे कोरलेले आहेत. मला जमिनीपर्यंत बर्फात रुतवतात, आत अडकलेल्या बर्फासकट उपसतात आणि ताणकाट्याला टांगतात. त्या वजनावरून, बर्फ वितळला की नदीत किती पाणी उतरेल, ते कळतं.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, एका लहानशा कारखान्यात मी घडले. तिथून हेरॉन नदीचं खोरं सांभाळणाऱ्या संस्थेत आले. धरणाची दारं उघडणं, पुराचा इशारा देणं, काठावर झाडं लावणं, ही तिची कामं. खर्च खोऱ्यातली सात गावं वाटून घेत. बावीस हिवाळे मी एल्सपेथच्या खांद्यावरून फिरले. ती संस्थेची पाहणी करणारी बाई. "चल गं म्हातारे," म्हणून मला उचलायची आणि परतल्यावर माझे दात स्वतः घासायची.

मग खर्चाला कात्री लागली. दोन हिवाळे मी होड्यांच्या शेडमध्ये वल्ह्यांखाली पडून राहिले. दातांना गंज चढला, पोटात कोळ्यानं जाळं विणलं.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत एल्सपेथनं मला थेट सभेच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बर्फाची मोजणी कायमची बंद करायची का, हे त्या दिवशी ठरायचं होतं.

वरच्या अंगाच्या गावाचे अध्यक्ष वॉलेस मॅकफी म्हणाले, "बर्फ पडतो आमच्याकडे, पूर येतो खालच्या ॲशफर्डला. मग पैसे आम्ही का भरायचे? आणि हा पाइप? म्युझियममध्ये ठेवा की!"

सगळे हसले. मला फार लागलं ते.

एल्सपेथचा चेहरा लाल झाला. "वॉलेस, मत मंगळवारी द्या. शनिवारी एकदाच माझ्याबरोबर हेंड्रिकच्या रानात चला. मग खुशाल विरोधात मत द्या, मी चकार शब्द काढणार नाही."

हेंड्रिक पोस्त्मा मेपलच्या झाडांचा रस काढणारा शेतकरी, वॉलेसचा शाळेपासूनचा मित्र. शनिवारी आम्ही पोहोचलो, तेव्हा तो कुंपणाशीच उभा होता. "काय रे, वाट चुकलास? इथे मतं नाहीत, नुसती झाडं आहेत."

"गप रे! कान गळून पडायला आलेत थंडीनं."

बर्फ जेमतेम गुडघ्याएवढा होता. वॉलेस खूश झाले. "गेल्या वर्षी कमरेएवढा होता. यंदा कसला पूर येतोय?"

"मग रुतवा की तुम्हीच," एल्सपेथ म्हणाली.

त्यांनी मला दाबलं. वीतभर खाली मी टणक थरावर आपटले. गंजलेले दात तुटतात की काय, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला. ते मला पिळत राहिले. करकर करत मी तो थर कापला, मग त्याखालचा आणखी एक, आणि एकदाची माती लागली.

ताणकाटा खाली गेला. वॉलेस बघतच राहिले. "बिघडलाय हा."

"दुसरीकडे करून बघा."

त्यांनी आणखी चार ठिकाणी केलं. दर वेळी तेच.

"तीन वर्षांपूर्वी शेवटचं मोजलं, त्याच्या दुप्पट पाणी आहे यात," एल्सपेथ म्हणाली. "जानेवारीतला पाऊस आत गोठून बसलाय. वरून दिसत नाही."

"आणि सगळं एकदम वितळलं तर?" वॉलेस म्हणाले.

"आधी तुमच्याच गावाचा पूल. मग ॲशफर्ड."

हेंड्रिकनं वाटाण्याचं गरम सूप आणलं, ते वॉलेसच्या हातात निवून गेलं. शेवटी त्यांनी विचारलं, "धरण आत्तापासून थोडं थोडं रिकामं केलं तर?"

"तर जागा होईल. पण किती रिकामं करायचं, हे सांगायला आकडा लागतो."

गाडीपर्यंत मला त्यांनीच वाहून नेलं.

मंगळवारी वॉलेस उभे राहिले. "मी चुकलो होतो, लिहून घ्या. मोजणी सुरू ठेवा. पैसे कमी पडत असतील तर काठावरचे नवे बाक रद्द करा. बसायला ओंडके आहेत." बाक एल्सपेथच्या आवडीचे होते. तरी तिनं होकारार्थी मान हलवली.

माझ्या आकड्यांवरून मार्चभर धरण थोडं थोडं रिकामं केलं. एप्रिलमध्ये तीन दिवस पाऊस कोसळला. पाणी पुलाच्या फळ्यांना लागलं आणि तिथेच थांबलं. ॲशफर्डमध्ये काही तळघरं भिजली, पण घर सोडून कुणाला जावं लागलं नाही.

मला आता नवे दात बसवलेत. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या हाती आली, तर काम झाल्यावर तिला कोरडी पुसा आणि खुंटीवर नीट टांगा. दर हिवाळ्यात बाहेर न्या. ज्या वर्षी बर्फ थोडा दिसेल, त्या वर्षी तर नक्की न्या.